शेवंतामावशी आणि लोहार ह्यूगो

शेवंतामावशी कुठलाही कागद खालून वर वाचायच्या. आमच्या मराठी मंडळातल्या कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली, की वरचा गणपती, कुलदेवता, वधूवरांची नावं आणि वडिलांच्या पदव्या हे सगळं ओलांडून त्यांची नजर थेट तळाशी जायची. तिथे बारीक अक्षरात 'आमच्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं' असं असायचं आणि त्याखाली चार-पाच लहान मुलांची नावं. त्या पहिल्यांदा ती वाचायच्या, मग वर सरकायच्या. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "वर सगळे नटूनथटून बसलेले असतात गं. खाली ज्याला कुणी नटवलेलं नसतं तो भेटतो." कौन्सिलचं पत्र असो नाहीतर तेराव्या शतकातलं चर्मपत्र, त्यांची सुरुवात तळापासूनच.

मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. बाबा समोशांच्या फॅक्टरीत पॅकिंग लाइनवर होते, आई बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या दुकानासाठी ब्लाउज शिवायची. मी अकरा वर्षांची असताना आम्ही इंग्लंडमध्ये, लेस्टरला आलो. इतिहास घेतला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की याने पुढे काय होतं. लिहायची सवय नाही, म्हणून मावशींबद्दल लिहिताना जे घडलं ते क्रमाने सांगते, म्हणजे निदान चुकणार नाही.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रेकॉर्ड ऑफिसात पहिल्यांदा गेले होते. टेबलावर स्पंजच्या उशीवर एक चर्मपत्र उघडून ठेवलेलं, तळहाताएवढं रुंद, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी लॅटिन अक्षरं. मला एक शब्द लागेना. मी "अरे देवा" असं पुटपुटले आणि लिहून घ्यायला बॅगेतून पेन काढलं. शेजारच्या टेबलावरून मराठीत आवाज आला, "देवाला नंतर बोलाव, आधी ते पेन आत टाक. इथे शिसपेन्सिलच चालते."

पाहिलं तर सत्तरीच्या बाई. सुती साडी, वर बाटलीच्या रंगाचा हिरवा कार्डिगन, पायात पुरुषी काळे बूट आणि छातीवर नर्सेस लावतात तसं उलटं घड्याळ. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढून, वॉर्ड सिस्टर म्हणून त्या रिटायर झाल्या होत्या. औषधांच्या चिठ्ठ्यांवरचं लॅटिन येतंच होतं, उरलेलं संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकल्या. आता आठवड्यातून तीन दिवस त्या रेकॉर्ड ऑफिसात फुकट काम करायच्या. कधी कुणी न उघडलेली बाडं उघडायची आणि कुठल्या कागदात काय आहे याची यादी करायची. तिथले साहेब लोकही एखादा शब्द अडला की त्यांच्याकडे येत.

मंडळाच्या गणपतीत नवीन डॉक्टरांच्या बायका त्यांना गोड आवाजात विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्या प्रश्नात आडनाव, जात, घराणं सगळं गुंडाळलेलं असायचं. मावशी शांतपणे सांगायच्या, "वॉर्ड सातच्या." समोरची बाई हसायची आणि पुन्हा विचारायची. मग मावशी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगायच्या, की त्यांची आई कोरेगावकडच्या एका खेड्यात सुईण होती. "गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली. मोठी झाल्यावर त्याच माणसांनी तिला ओसरीच्या खाली बसवलं. मी मूळची त्या ओसरीच्या खालची. प्रसाद घेतला का तुम्ही?"

आई म्हणायची, सिस्टरबाईंचं बोलणं फार लागतं. पण आजारी पडली की त्यांनाच फोन करायची.

माझा विषय होता मध्ययुगातले इंग्लंडच्या राजाचे न्यायाधीश आणि ते ज्या जमीनदार घराण्यांतून आले ती घराणी. एकाच माणसावर भर दे, असं माझ्या मार्गदर्शकांनी सुचवलं. मी निवडला विल्यम स्केल्थॉर्प. शहरापासून बसने तासाभराच्या गावातला. राजाबरोबर गावोगाव फिरून न्याय देणारा, लोकांच्या जमिनीचे आणि खुनाचे निकाल करणारा. त्याच्या घराण्याचे वंशज अजून त्याच गावात राहत होते. सगळ्यांत वडील होते मिस्टर स्केल्थॉर्प. ऐंशीच्या जवळ आलेले, एकटे, अतिशय सभ्य गृहस्थ. माझं पत्र मिळताच त्यांनी मला घरी बोलावलं, बसस्टॉपवर गाडी घेऊन आले, चहाबरोबर स्वतः केलेला केक दिला आणि घराण्याची लोखंडी पेटी माझ्यासमोर उघडून ठेवली. भिंतीवर काचेच्या चौकटीत वंशवृक्ष होता, एका पूर्वजाने चारशे वर्षांपूर्वी हौसेने रंगवून घेतलेला. सगळ्यांत वर घोड्यावर बसलेला नॉर्मन सरदार. इंग्लंड जिंकणाऱ्या राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेला. त्याच्या खाली फांद्याफांद्यांनी सगळे, आणि मधोमध न्यायाधीश विल्यम, लाल झग्यात.

मी भारावून गेले. मावशींना सांगितलं, किती जुनं घराणं आहे. त्यांनी विचारलं, "झाड कुणी रंगवलं?"

"त्यांच्या पूर्वजाने."

"मग ते राहू दे भिंतीवर. पेटीतले साक्षीदार वाच."

आधी ती अक्षरं लावायला आणि मग हे वाचायला मला त्यांनीच शिकवलं. त्या काळात जमीन दिली-घेतली, की दस्ताच्या शेवटी साक्षीदारांची नावं लिहीत, आणि ती मानाप्रमाणे लिहीत. पहिले सरदार, मग जमीनदार, मग गावातली बरी माणसं. सगळ्यांत शेवटी दस्त लिहिणारा किंवा असाच कुणी, जो त्या दिवशी तिथे उभा होता. मावशी म्हणायच्या, एका घराण्याचे साठ-सत्तर वर्षांचे दस्त ओळीने लाव आणि नावं कुठे बसलीत तेवढंच बघ. चढलेलं घराणं जिना चढताना दिसतं.

मी तसं केलं. दर शनिवारी बस धरून स्केल्थॉर्पांकडे जायचे, नकला करून आणायचे आणि सोमवारी मावशींच्या टेबलावर मांडायचे. जुन्या दस्तांत स्केल्थॉर्प नावच नव्हतं. होता तो तळाशी, शेवटून पहिला, 'लोहार ह्यूगो'. वीस वर्षांनी मधल्या ओळीत आला 'लोहार ह्यूगोचा मुलगा रॉबर्ट, कारकून'. आणखी काही वर्षांनी तो नुसता 'स्केल्थॉर्पचा रॉबर्ट' झाला, गावाचं नाव लावून. आणि त्याचा मुलगा विल्यम पहिल्या ओळीत, सरदारांच्या आधी. घोडा कुठेच नव्हता.

"अंदाज आहे हा," मावशी म्हणाल्या. "अंदाजावर कुणाचा सरदार काढून घेऊ नकोस. पुरावा आण."

पुरावा पेटीच्या तळाशी होता. न्यायाधीश विल्यमने म्हातारपणी एक शेत जवळच्या मठाला दिलं होतं. मठातल्या लोकांनी वर्षातून एकदा त्याच्या माणसांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, ही अट. कुणाच्या आत्म्यासाठी, तर आईच्या, वडिलांच्या, 'आणि ह्यूगोच्या, जो माझ्या वडिलांचा वडील, लोहार'. राजाच्या न्यायाधीशाने स्वतः लिहवून घेतलं होतं ते. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि नक्कल उतरवून घेतली.

सोमवारी मावशींनी माझी नक्कल दोनदा वाचली आणि चष्मा काढून पुसला. "ह्याला लाज नव्हती बघ," त्या म्हणाल्या. "मरताना आजोबाला सोबत घेऊन गेला."

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग मी एक चूक केली, आणि ती आमच्या घरच्या वळणातून आली. आमच्याकडे काही लिहिलं, काही ठरवलं, की आधी वडीलधाऱ्यांपुढे ठेवतात. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. मी पहिलं प्रकरण टाइप केलं आणि मार्गदर्शकांच्याही आधी मिस्टर स्केल्थॉर्पांना पोस्टाने पाठवलं. वर लिहिलं, की आपण वाचून आशीर्वाद द्यावेत. मला खरंच वाटलं होतं की त्यांना आनंद होईल. लोहाराच्या नातवाने एवढं नाव काढलं, म्हणून.

चार दिवसांनी विभागात पत्र आलं. पेटीतला कोणताही कागद मिस पवार यांनी उद्धृत करू नये, परवानगी मागे घेतली आहे. भाषा अत्यंत सभ्य. मार्गदर्शक म्हणाले, वाईट झालं, पण खासगी कागद आहेत, त्यांचा हक्क आहे. घराण्याचा भाग काढून टाक आणि विल्यमच्या निकालांवरच लिही. सहा आठवडे उरले होते. बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, त्यांचे कागद, त्यांची मर्जी, आपण कशाला.

मावशींनी मात्र सुनावलं. "आशीर्वाद मागितलास? मालकाकडे?"

"ते चांगले आहेत हो मावशी. त्यांनी मला केक…"

"केक चांगलाच असणार. माझ्या आईलाही पाचवीला लुगडं मिळायचं, नवंकोरं. पण बसायचं खालीच." मग त्यांनी विचारलं, "त्या दस्ताची वरची कड कशी होती? सरळ?"

मी आठवलं. सरळ नव्हती. लाटेसारखी कापलेली होती, आणि त्या लाटेवर अर्धवट चिरलेली मोठी अक्षरं होती. मला वाटलं होतं उंदराने कुरतडलंय.

मावशी हसल्या. एवढं मोकळं हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. असा करार एकाच कातड्यावर दोनदा लिहीत, मधे मोठी अक्षरं काढत आणि त्या अक्षरांतून नागमोडी कापत. एक अर्धा देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. पुढे भांडण झालं तर दोन्ही तुकडे जोडून बघायचे. "घेणारा कोण?" त्यांनी विचारलं.

"मठ."

"मठ बुडाला, राजाने सगळेच मठ मोडले, पण मठाचे कागद कुणीतरी उचलले असतीलच. चल, शोधू."

आम्ही तीन आठवडे शोधलं. मठाच्या जमिनी ज्या घराण्याकडे गेल्या, त्यांची चौदा बाडं रेकॉर्ड ऑफिसात पडून होती, यादी न झालेली. मावशी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. त्या मधेच कंबरेवर हात ठेवून वाकायच्या आणि मी विचारलं तर म्हणायच्या, वय झालंय, तू वाच. अकराव्या बाडात तो मिळाला. खालची कड नागमोडी. तोच मजकूर, शब्दाला शब्द, 'जो माझ्या वडिलांचा वडील, लोहार'. हा कागद सगळ्यांना खुला होता. कुणाची परवानगी लागणार नव्हती. मावशींनी तो उशीवर ठेवला, दोन्ही बाजूंना मण्यांच्या माळेसारखी वजनं ठेवली आणि म्हणाल्या, "लिही आता. पहिल्या पानावर लिही."

पुढच्याच आठवड्यात त्यांना ॲडमिट केलं. कंबरेचं दुखणं वयाचं नव्हतं. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, असं मला नंतर कळलं.

त्या नसताना, मठाकडचा अर्धा सापडल्याचं ऐकून मिस्टर स्केल्थॉर्प मला भेटायला रेकॉर्ड ऑफिसात आले. काठी टेकत, उन्हाळ्यातही टाय लावून. मला कॅन्टीनमध्ये बसवून त्यांनी चहा घेतला. रागावले नाहीत. गावच्या चर्चमध्ये न्यायाधीश विल्यमच्या नावाचा दगडी फलक बसणार होता, त्यावर नॉर्मन सरदाराचं नाव कोरून झालं होतं. पत्नी गेल्यापासून तेवढं एकच काम त्यांनी हाती घेतलं होतं. मी खोटं लिहावं असं ते म्हणत नव्हते. फक्त ते इतकं पुढे, इतकं ठळक नसावं. एखाद्या तळटीपेत. "अभ्यास करणाऱ्याला ते सापडेलच, मिस पवार," ते म्हणाले. "बाकीच्यांना कशाला?"

मी हो म्हटलं. या वयात ते काठी टेकत एवढ्या लांब आले होते, आणि मी त्यांच्या घरी इतक्यांदा जेवले होते. घरी येऊन मी लोहाराला तळटीप क्रमांक सदतीसमध्ये ठेवलं. मजकुरात लिहिलं, 'विल्यमचं घराणं स्थानिक होतं.' मला ते समजूतदारपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

प्रबंध द्यायला चार दिवस असताना मी प्रिंट घेऊन हॉस्पिटलात गेले. मावशी फार वाळल्या होत्या, पण आवाज तोच. एका तरुण नर्सला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते समजावत होत्या, आणि ती बिचारी दुसऱ्यांदा दुमडत होती. माझा गठ्ठा त्यांनी पोटावर घेतला आणि नेहमीप्रमाणे पानाच्या तळापासून सुरुवात केली. म्हणून त्यांना ते लगेच सापडलं.

मग त्यांनी त्या ओळीवर नख ठेवलं.

"हा इथे काय करतोय?"

मी कॅन्टीनमधली सगळी गोष्ट सांगितली. काठी, फलक, गेलेली पत्नी. खोटं काहीच लिहिलेलं नाही, असंही म्हटलं.

"नाहीच लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईबद्दलसुद्धा कुणी कधी खोटं बोललं नाही. फक्त पाहुणे आले की तिला मागल्या दाराने जायला सांगायचे." त्यांना धाप लागली. मी पाणी पुढे केलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. "सातशे वर्षांपूर्वी त्या विल्यमनं सगळ्या मठापुढे आजोबाचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. दरवर्षी. आणि तू त्याला खाली बसवतेस? तू, पॅकिंग लाइनवरच्या पवारांची पोर?"

"मला त्यांना दुखवायचं नव्हतं."

"मग दुखवू नकोस. पत्र लिही, भेटायला जा, त्यांचा चहा पी. म्हातारे आहेत, एकटे आहेत. पण त्याला वर घे." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "आणि 'स्थानिक होतं' हे काय लिहिलंयस? म्हैस पण स्थानिक असते."

बसमध्ये मला रडू आलं, आणि हसूही. मी पहिलं प्रकरण मोडलं. तळटिपांचे क्रमांक बदलले, पुढची सगळी पानं सरकली. युनिव्हर्सिटीच्या प्रिंटरपुढे रांग होती आणि शाई संपत आली होती. आईने तीन दिवस मला स्वयंपाकघरातलं एकही काम करू दिलं नाही. बाबांनी न विचारता एक दिवस रजा घेतली आणि बाइंडिंगच्या दुकानासमोर माझ्यासाठी नंबर लावून उभे राहिले. तिथे मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, लोहार, न्यायाधीश, मिस्टर स्केल्थॉर्प. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग त्याचं नाव नीट लिहिलंस ना? ह्यूगोचं?" मी म्हटलं, लिहिलं. ते म्हणाले, ठीक आहे.

मिस्टर स्केल्थॉर्पांना मी पत्र लिहिलं. माफी मागितली ती शब्द मोडल्याची, लिहिल्याची नाही. उत्तर आलं नाही. चर्चमधला फलक बसला. मी बघायला गेले होते, नॉर्मन सरदार आहे त्यावर. अजूनही असेल.

एक प्रत विभागात देऊन दुसरी घेऊन मी थेट वॉर्डात गेले. मावशींना आता बसता येत नव्हतं, म्हणून मी पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य होतं, 'न्यायाधीश विल्यम स्केल्थॉर्पचा आजोबा ह्यूगो हा लोहार होता, आणि हे आपल्याला विल्यमनेच सांगितलं आहे.' इंग्रजीत होतं ते. मावशींनी ते वाचलं आणि मला मराठीत वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी आणखी मोठ्याने वाचायला सांगितलं. वॉर्डात भेटीची वेळ होती, सगळ्या खाटांभोवती माणसं होती. मला लाज वाटली, तरी मी वाचलं. पलीकडच्या खाटेवरच्या गुजराती आजींनी मान वळवून पाहिलं.

"कोण लोहार?" त्यांनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्या देणार नव्हत्या. मी प्रबंध हातात घेऊन त्या आजींच्या खाटेपाशी गेले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.